माती थांबेना, घर राहीना

कान इकडे द्या, डोळे इकडे द्या. सांगते हं.

एक होतं माळरान. माळरानाला होता एक उतार. उतारावर राहायची एक लावरी.

लावरी म्हणजे एवढुसा पक्षी. तुमच्या मुठीत मावेल एवढुसा. उडायचं कमी, पळायचं जास्त. झाडावर घरटं बांधायचं नाही. घर करायचं जमिनीवरच.

या लावरीच्या पोटावर ठिपके होते. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकीनं घर केलं. मातीत पाय घासले, खर्र खर्र. छोटासा खळगा झाला. त्यात वाळकी पानं घातली. त्यावर आपलं मऊ मऊ पीस घातलं. मग आत बसून पाहिलं. इकडून बसली, तिकडून बसली.

"छान झालं हं," ठिपकी म्हणाली. "आता इथं अंडी घालीन. अंड्यांतून पिल्लं येतील."

पण तेवढ्यात आलं आभाळ. गडड् गुडुम! पाऊस पडला धो धो. उतारावरून पाणी आलं. खळखळ खळखळ!

पाणी म्हणालं, "चल गं माती, माझ्याबरोबर!"

माती निघाली. मातीबरोबर खळगा निघाला. खळग्याबरोबर पानं निघाली, पीसही निघालं.

ठिपकी भुर्रकन उडून दगडावर बसली. पाऊस थांबला. तिनं खाली पाहिलं.

घर कुठंय?

घर नाहीच!

ठिपकी रडली. चिप् चिप् चिप्. मग तिनं पंख झटकले, फर्रर्र. आणि ती मातीकडे गेली.

"मातीमाई, मातीमाई, थांब ना!"

"का गं ठिपके, झालं काय?"

"घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

मातीमाई म्हणाली, "मला का हौस आहे पळायची? पाणी ओढतं, मी जाते. पूर्वी इथं गवत होतं. गवत मला घट्ट धरायचं. मग थोडं गवत जळलं, थोडं चरलं, थोडं उपटलं. आता उतार झाला बोडका. मला धरायला कुणी नाही. गवत आलं तर मी थांबेन. नाही तर नाही थांबणार."

ठिपकी निघाली गवताकडे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

माळाच्या माथ्यावर मोठे मोठे दगड होते. दगडांच्या मधे गवताचा एक झुबका होता. हिरवा हिरवा, उंच उंच. त्याचं नाव पवन्या. पवन्या याच माळावरचा. त्याचा बाबा याच माळावरचा. त्याचा आजाही याच माळावरचा.

"पवन्यादादा, पवन्यादादा, उतारावर ये ना!"

"का गं ठिपके, झालं काय?"

"माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

पवन्यादादा डुलला. म्हणाला, "येईन की! पण येऊ कसा? मला पाय नाहीत. माझं बी वाऱ्यावर बसून जातं. वाऱ्यानं नेलं तर मी येईन. नाही तर नाही येणार."

ठिपकी निघाली वाऱ्याकडे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

वारा खिंडीत बसला होता. सूं सूं, सूं सूं. शिट्टी वाजवत होता.

"वारेभाऊ, वारेभाऊ, बी ने ना!"

"का गं ठिपके, झालं काय?"

"गवत येईना,
माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

वारेभाऊ म्हणाला, "नेईन की! मला काय जड आहे? पण बी आहे कुठं? पवन्याला कोवळा तुरा येतो. तुरा आला की कबरी शेळी येते. तुरा खाते आणि जाते. मग बी पिकणार कसं? शेळीनं ऐकलं तर मी नेईन. नाही तर नाही नेणार."

ठिपकी निघाली शेळीकडे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

कबरी शेळी खडकावर उभी होती. थोडी काळी, थोडी पांढरी. दाढी हलवत होती.

"कबरीताई, कबरीताई, तुरे खाऊ नको ना!"

"बेंऽऽ! का गं ठिपके, झालं काय?"

"वारा नेईना,
गवत येईना,
माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

कबरीताई म्हणाली, "बेंऽऽ! खाऊ नको म्हणे! मग मी खाऊ काय? दगड? माझ्या पोटात बघ कसं गुडुगुडु होतंय. बाभळीचा पाला मिळाला तर ऐकेन. बाभळीचा पाला फार गोड! तो दिला तर मी तुऱ्याला तोंड लावणार नाही. नाही तर नाही ऐकणार."

ठिपकी निघाली बाभळीकडे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

ओढ्याच्या काठी बाभूळ होती. अंगभर काटे. पण बोलायला मऊ.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी, पाला दे ना!"

"ये गं माझे राणी. का गं ठिपके, झालं काय?"

"शेळी ऐकेना,
वारा नेईना,
गवत येईना,
माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

बाभूळमावशी म्हणाली, "अगं, पाला तर ढीगभर आहे. पण बघ, आहे किती वर! शेळीची मान पुरत नाही. लांब काठीला आकडी लावायची, डहाळी ओढायची, तेव्हा पाला खाली येतो. खालच्या घरातली कोंडाकाकी आली की डहाळी ओढते. पण आज काकी आलीच नाही. काकी उठली तर मी देईन. नाही तर कशी देणार?"

ठिपकी निघाली काकीकडे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

उताराच्या खाली कोंडाकाकीचं घर. कबरी तिचीच शेळी. काकी दारात बसली होती. एक पाय खाली, एक पाय मांडीवर. तोंड कसनुसं केलेलं.

आणि अंगणात काय होतं? चिखलच चिखल! पचक पचक.

ठिपकी कुंपणाआड थांबली. माणसाला ती भ्यायची. पण मग तिला घर आठवलं. ती पुढे आली. आणखी थोडी पुढे आली.

"कोंडाकाकी, कोंडाकाकी, ऊठ ना!"

"अगो बाई! लावरी आली माझ्या दारी! का गं ठिपके, झालं काय?"

"बाभूळ देईना,
शेळी ऐकेना,
वारा नेईना,
गवत येईना,
माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

कोंडाकाकी म्हणाली, "तुझं घर गेलं व्हय गं पोरी? आणि माझ्या अंगणाकडं बघ की! समदी माळाची माती माझ्या दारात. कालच खोऱ्यानं ओढली, आज परत आली. मलाबी उतारावर गवत हवंय बघ. पण उठू कशी? पायात काटा मोडलाय. पाय टेकला की कळ येते, आई गं! काटा निघाला तर मी उठेन. नाही तर कशी उठणार?"

आता काटा काही लांब नव्हता. ठिपकीनं दोन उड्या मारल्या. टुण टुण! ती काकीच्या पायापाशी आली. टाचेत एक काळा ठिपका दिसत होता. तोच काटा!

"काट्या, काट्या, निघ ना!"

आतून बारीक आवाज आला, "कोण ते? का गं ठिपके, झालं काय?"

"काकी उठेना,
बाभूळ देईना,
शेळी ऐकेना,
वारा नेईना,
गवत येईना,
माती थांबेना,
घर राहीना!
सांग ना, मी राहू कुठं?"

काटा म्हणाला, "मलाही निघायचंय गं! इथं किती अंधार आहे! पण काकीची बोटं पडली जाड. मी पडलो बारीक. काकी ओढते, मी सटकतो. काकी ओढते, मी सटकतो. कुणीतरी बारीक हवं. कुणीतरी टोकदार हवं. तसं कुणी आलं तर मी निघेन."

बारीक कोण? टोकदार कोण?

ठिपकीनं विचार केला. शेळी? शेळीचं तोंड मोठं. वारा? वाऱ्याला हातच नाहीत. बाभूळ? नको गं बाई, ती आणखी काटे देईल!

मग कोण?

ठिपकीनं मान खाली घातली. मातीत एक दाणा होता. तिनं तो टिपला. टिच्!

आणि ती थांबली.

दाणा कशानं टिपला?

चोचीनं!

चोच कशी?

बारीक! टोकदार!

"मीच की!" ठिपकी म्हणाली. "अगंबाई, मीच की!"

पण काकी केवढी मोठी! काकीचा पाय केवढा मोठा! ठिपकीचं काळीज धडधड धडधड करायला लागलं.

काकीला कळलं. ती हळूच म्हणाली, "ये गं बाळा. भिऊ नकोस. मी अजिबात हलणार नाही. हे बघ, श्वाससुद्धा हळू घेते."

काकी हलली नाही.

ठिपकी पुढे आली. चोच उघडली. काटा धरला. डोळे मिटले. आणि ओढला.

ओढला... ओढला... ओढला...

टुप्प!

काटा बाहेर!

"आई गं!" काकी म्हणाली. आणि मग म्हणाली, "अगो बाई, निघाला की!"

काकीनं पाय टेकवला. कळ नाही. काकी उभी राहिली. कळ नाही. तिनं अंगणात एक चक्कर मारली, पचक पचक पचक. आणि ती हसायला लागली.

"चल गं ठिपके," काकी म्हणाली. "आता तुझं काम."

काकीनं लांब काठी घेतली. काठीच्या टोकाला आकडी. दोघी निघाल्या बाभळीकडे. काकी धपधप धपधप. ठिपकी तुरुतुरु तुरुतुरु.

काकीनं आकडी वर टाकली. डहाळी ओढली. कडाड! धप्प! हिरवा पाला खाली आला.

"घे," बाभूळमावशी म्हणाली. "आणखी घे."

कबरी धावत आली. बेंऽऽ बेंऽऽ! पाला खाल्ला, मचमच मचमच. पोट टम्म झालं. मग ती माथ्यावर गेली, ठिपकी तिच्या मागोमाग. तिथं पवन्याचा तुरा डुलत होता. कबरीनं त्याच्याकडे पाहिलं. थोडं तिरकंच पाहिलं. थोडी जीभही बाहेर आली.

"कबरीताई!" ठिपकी म्हणाली.

"नाही खात, नाही खात," कबरी म्हणाली. "नुसता वास घेत होते."

आणि खरंच, तिनं तुऱ्याला तोंड लावलं नाही. त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. काकी रोज पाला द्यायची, कबरी रोज पाला खायची.

ठिपकी तोवर कुठं राहिली? काकीच्या कुंपणात! काटेरी कुंपणाच्या आत, एका कोपऱ्यात. काकी म्हणाली होती, "घर होईपर्यंत इथंच राहा गं. मांजर येत नाही इथं."

हिरवा तुरा पिवळा झाला. पिवळा तुरा सोनेरी झाला. बी पिकलं! एकेका बीला एकेक शेपटी. लांब, काळी, वळलेली शेपटी.

मग खिंडीतून वारा उठला. सूं सूं, सूं सूं!

"चला रे बाळांनो," वारेभाऊ म्हणाला. "बसा माझ्या पाठीवर!"

बिया निघाल्या. भिरभिर भिरभिर! काही उतारावर पडल्या. काही दगडाला अडकल्या. काही कबरीच्या केसांत बसल्या. काही तर काकीच्या लुगड्याला चिकटल्या. काकीनं त्या वेचून काढल्या आणि उतारावर टाकल्या.

"रुजा गं बायांनो," काकी म्हणाली. "मोठ्या व्हा."

ठिपकी रोज उतारावर जायची. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

"गवत आलं का?"

"नाही अजून," मातीमाई म्हणायची.

थंडी आली. हुडहुडी भरली. "गवत आलं का?"

"नाही अजून."

ऊन आलं. माती तापली. "गवत आलं का?"

"नाही अजून. पण बिया आहेत हं माझ्या कुशीत. झोपल्यात."

मग एक दिवस भुरभुर पाऊस आला. हळू हळू, गोड गोड. बियांच्या शेपट्या भिजल्या. शेपट्या लागल्या फिरायला. गरगर गरगर! शेपटी फिरली, बी मातीत शिरलं. शेपटी फिरली, बी आणखी आत शिरलं.

आणि ठिपकीला काय दिसलं?

एक हिरवं टोक.

इथं एक. तिथं एक. अरे, इथंही एक!

"आलं! आलं! गवत आलं!" ठिपकी नाचली. फर्रर्र फर्रर्र!

वर पानं वाढली. खाली मुळ्या वाढल्या. एक मुळी इकडे गेली, एक मुळी तिकडे गेली. मुळीनं मुळीचा हात धरला. सगळ्या मुळ्यांनी मिळून मातीमाईला मिठी मारली.

बोडका उतार हिरवा झाला.

ठिपकी उतारावरच्या नव्या पवन्याच्या बुडाशी गेली. पाय घासले, खर्र खर्र. खळगा केला. वाळकी पानं घातली. मऊ मऊ पीस घातलं. आणि यावेळी तिनं अंडी घातली. छोटी छोटी, गोल गोल. ती त्यांच्यावर बसली.

आणि आलं आभाळ.

गडड् गुडुम! पाऊस पडला धो धो. उतारावरून पाणी आलं. खळखळ खळखळ!

ठिपकीनं पंख पसरले. अंडी पोटाखाली घेतली. ती उडाली नाही. घट्ट बसून राहिली.

पाणी म्हणालं, "चल गं माती, माझ्याबरोबर!"

माती म्हणाली, "नाही येत ज्जा!"

पाणी म्हणालं, "का नाही येत?"

माती म्हणाली, "मला गवतानं धरलंय. किती घट्ट धरलंय बघ!"

पाण्यानं ओढून पाहिलं. माती हलली नाही. पाणी गवतातून जायला लागलं. या पानाला वळसा, त्या पानाला वळसा. धावता येईना. मग ते हळू झालं. मग ते आणखी हळू झालं. झुळझुळ... झुळझुळ... थोडं मातीत मुरलं. थोडं ओढ्याला गेलं. निर्मळ, काचेसारखं.

पाऊस थांबला. ठिपकीनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

घर कुठंय?

घर इथंच!

अंडी कुठंयत?

अंडी इथंच!

खाली काकी दारात आली. अंगणाकडे बघत राहिली. अंगणात चिखल नाही. पचक नाही, काही नाही. काकीनं वर उताराकडे पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "ठिपके, हायेस का गं तिथं?"

ठिपकी गवतातून ओरडली, "आहे, आहे!

काटा निघाला,
काकी उठली,
बाभळीनं दिलं,
शेळीनं ऐकलं,
वाऱ्यानं नेलं,
गवत आलं,
माती थांबली,
घर राहिलं!
ऐक ना, मी राहते इथं!"

थोडे दिवस गेले. अंड्यांतून आवाज आला. टक् टक्. टक् टक्. एक अंडं फुटलं. दुसरं फुटलं. सगळीच फुटली. पिल्लं बाहेर आली. कापसाच्या गोळ्यांसारखी. आल्या आल्या लागली पळायला, आईच्या मागे मागे.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

एक पिल्लू पवन्याच्या पानाला अडखळलं आणि पडलं. बुद्दुक! पवन्यादादानं पान खाली वाकवलं आणि त्याच्या डोक्यावरून हळूच फिरवलं. पिल्लू हसलं. पुन्हा उठलं. पुन्हा पळालं.

ऊन उतरलं. ठिपकीनं पंख उघडले. "या गं, या रे."

सगळी पिल्लं आत शिरली. इकडून ढुशी, तिकडून ढुशी. एक पाय बाहेर राहिला होता, तोही आत घेतला. वर सोनेरी तुरे डुलत होते. सूं सूं, सूं सूं.

माती निजली मुळ्यांच्या मिठीत,
लावरी निजली गवताच्या गादीत,
पिल्लं निजली आईच्या पंखात,
आणि गोष्ट निजली तुमच्या कानात.